नानांचा उजवा खांदा

श्रावणनाना तुमचा पाय आपल्या उजव्या खांद्यावर घेतात आणि जळगाव स्टँडवरून एस.टी. सोडतात.

खरी गाडी नव्हे. तुम्ही असता धुळ्यात, नानांच्या घराच्या पुढच्या खोलीत, सागवानी बाकड्यावर उताणे पडलेले. तुमची टाच त्यांच्या खांद्यावर, त्यांचा एक हात तुमच्या गुडघ्यावर, दुसरा मांडीवर. ते स्टुलावरून तसूतसूने पुढे सरकतात, तुमच्या मांडीच्या मागे आग पेटते आणि नाना डोळे मिटून कंडक्टरच्या सुरात सुरू करतात, "जळगाव... सुटली गाडी... बांभोरी, गिरणेचा पूल... पाळधी... एरंडोल... पारोळा, गाडी थांबेल, पाय थांबणार नाही... मुकटी... अजंग... फागणे." फागणे येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. हा बरोबर तीस सेकंदांचा ताण. मी मोबाइल लावून पाहिलं आहे, सेकंदाचा फरक पडत नाही. मध्येच ओरडलात तर नाना डोळे उघडतात आणि विचारतात, "कोठे बंद पडनी गाडी?" आपण ओशाळून सांगायचं, "एरंडोलला, नाना." की पुन्हा जळगाव.

आता जळगावहून धुळ्याला येणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की फागण्यानंतर धुळे येतं. नानांची गाडी मात्र फागण्यालाच संपते. दवाखाना धुळ्यात, घर धुळ्यात, पेशंट धुळ्याचे, पण धुळ्याचं नाव काही निघत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, धुळं कधी येणार?" तर म्हणाले, "तुझं तिकीट फागण्यापर्यंतचंच आहे." पाय ज्याच्या हातात आहे त्याच्याशी वाद घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

मी नरडाण्याला वायरमन आहे. वीस वर्षं पोलवर चढतो. वादळात चढलो, भर मे महिन्यात तापलेल्या लोखंडावर चढलो, एकदा तर पोलवर मधमाश्यांचं पोळं असताना चढलो आणि चढलो त्यापेक्षा लवकर उतरलो. पण पडलो कधी नाही. पडलो तो यावलला, मेव्हण्याच्या वरातीत नाचताना. बँडवाल्याने चाल बदलली, माझं वरचं अंग वळलं, खालचा पाय तिथेच राहिला आणि गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, माझ्याच मांडीच्या मागची एक दोरी काढून गुडघ्यात बसवली. आमच्या भाषेत सांगायचं तर इकडची वायर काढून तिकडे जोडली. जोड पक्का बसला, पण जिथून वायर काढली तिथला स्नायू रुसला. मांडीची मागची बाजू अशी आखडली की गुडघा सरळ होईना. चार महिने झाले तरी मी किंचित वाकूनच उभा राहायचो, कोणाला तरी नमस्कार करायला निघाल्यासारखा.

ऑफिसात मला तक्रारीच्या फोनवर बसवलं. हे काम कोणाच्या वैऱ्यालाही मिळू नये. दिवसभर एकच प्रश्न, "लाइट कधी येणार?" आणि आपलं एकच उत्तर, "माणूस पाठवलाय." तो माणूस मीच असायचो, वीस वर्षं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, दोन महिन्यांत गुडघा सरळ असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर फोन कायमचा तुमचा. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "बसून पगार मिळतोय, वाईट काय?" तिला कसं सांगू? पोलवरून सगळं गाव दिसतं. खाली लोक तोंड वर करून वाट बघतात, आणि आपण जोड मारला की एका दमात गल्लीभर पंखे फिरतात. फोनवर कोणाचा पंखा फिरत नाही. मला पोलवर जायचं होतं.

डॉक्टरांनीच श्रावणनानांचं नाव सांगितलं. नाना जळगावच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते, निवृत्त होऊन धुळ्यात राहिले. कोणी त्यांना हाडवैद्य म्हटलं की भडकतात. "हाड मला दाखवू नका, हाडाला अक्कल नसते. मी स्नायूचा माणूस." स्नायूविषयी त्यांचा एक सिद्धांत आहे आणि तो ते प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी ऐकवतात. "स्नायू म्हणजे सासरा. जोर केला की आडवा जातो. आधी त्याला मनसोक्त भांडू द्यावं, त्याचं भांडून झालं की मग हळूच आपलं म्हणणं सांगावं. ऐकतो."

ही नुसती कोटी नाही, इलाज तोच आहे. आधी ते मांडीच्या मागे तळहाताने, मग कोपराने सावकाश चोळून स्नायू उबदार करतात. तेल लावत नाहीत. तेल भरताला, म्हणतात. मग टाच खांद्यावर घेऊन पाय वर नेतात, जिथे ताण लागतो तिथे थांबतात आणि म्हणतात, "आता मला ढकल." आपण टाचेने त्यांचा खांदा खाली दाबायचा, ते तो हलू देत नाहीत. हे सासऱ्याचं भांडण. पाच-सहा आकडे झाले की "सोड" म्हणतात. आपण सोडलं की आखडलेला स्नायू क्षणभर सैल पडतो आणि त्या क्षणात नाना पाय चार बोटं आणखी वर नेतात. मग जळगाव स्टँड.

खोलीत विजेवर चालणारं एक शेकायचं मशीन आहे. त्यावर ते जुनी वर्तमानपत्रं ठेवतात. मोजमापाचं साधन एकच, शर्टाच्या खिशातलं एस.टी.चं जुनं, बोटभर तिकीट. त्यावरचं छापील केव्हाच उडालं आहे, पण ते प्लॅस्टिकमध्ये नीट बंद केलेलं आहे. पाय लांब करून झोपायचं, गुडघ्याखाली नाना तिकीट सरकवतात, म्हणतात, "दाब." आपण गुडघा खाली दाबायचा आणि ते तिकीट ओढतात. निघालं तर गुडघा अजून वाकडा, अडकलं तर सरळ. माझ्या गुडघ्याखालून पहिल्या दिवशी तिकीट काय, कंडक्टरसुद्धा निघाला असता.

नानांचं डोकं चोवीस तास मांड्यांत. भाजीबाजारात भरताचं वांगं अंगठ्याने दाबून बघतात आणि भाजीवालीला सांगतात, "हे घट्ट आहे, याला ताण द्यावा लागेल." एका लग्नात पंगत बसली होती. नाना वाढप्यांच्या मागोमाग रांगेतून फिरले, ज्याला मांडी घालता येत नव्हती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी या." नवरदेवाचा मामा पहिल्या घासालाच उठला. पण सोमवारी आला, हे महत्त्वाचं.

एरवी नाना दवाखान्याची स्वच्छ मराठी बोलतात. फक्त दोन वेळा त्यांची अहिराणी बाहेर येते, फार रागावले तर आणि फार खूश झाले तर. माझ्या वाट्याला पहिले पाच आठवडे फक्त रागाची अहिराणी आली.

त्याला कारण मीच. आपल्याकडे चुकून कोणाला पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला नेतो. आणि इथे सत्तरीचा म्हातारा माणूस, पांढरे केस, माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि माझी टाच त्याच्या खांद्यावर, कानापासून वीतभर. वर तो म्हणतो, ढकल! माझ्याच्याने जोरच लागेना. मी नुसता चेहरा ताणायचो, दात आवळायचो, पण टाच अशी ठेवायचो जसं काही खांद्यावर फूल ठेवलंय. आणि संपलं की उठून त्यांच्या पाया पडायचो.

असा मी एकटा नव्हतो. शेतातून येणारे लोक बाहेरच्या नळावर पाय घासून धुऊन मग आत यायचे. एक जण दर वेळी नवे मोजे घालून यायचा. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या एका आजींनी तर पाय ठेवण्याआधी नानांच्या खांद्याला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ पुढे केला. नाना नारळ बाजूला ठेवून ओरडले, "अक्का, आठे खांदा शे, देव्हारा नही!" आजींनी ते ऐकून खांद्याला आणखी एकदा हात जोडले.

नानांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आहे. त्यांचा शिंपी शर्ट बेततानाच एक बाजू उतरती कापतो. तीसेक वर्षांत किती गावांच्या टाचा त्या खांद्यावर येऊन गेल्या असतील देव जाणे. आणि माझी टाच तिथे पाहुण्यासारखी अवघडून बसलेली. पाच आठवडे गेले, तिकीट दर वेळी सळ्‌कन निघत होतं आणि माझी गाडी एरंडोलच्या पुढे जात नव्हती. दाखल्याला तीनच आठवडे उरले. मी फोनवर "माणूस पाठवलाय" म्हणताना आवाज आतल्या आत जायला लागला.

एका मंगळवारी नानांनी माझी टाच खांद्यावर घेतली आणि एकदम गप्पांच्या सुरात म्हणाले, "काल आमच्या गल्लीत तीन तास लाइट नव्हती."

"फॉल्ट असेल, नाना."

"फॉल्ट कसला. तुमचे लोक पोलवर चढतातच कुठे? खालून बांबूने वायर हलवतात, लागली तर लागली."

"नाना, असं नसतं."

"मी पाहिलंय ना. एक बांबू हलवतो, दुसरा विडी ओढतो. वर चढायला छाती लागते. तू वीस वर्षं बांबूच हलवला असशील."

माझं डोकं फिरलं. "वीस वर्षं! वीस वर्षं चढतोय मी!" असं ओरडत मी जी टाच मारली, त्यात पाच आठवड्यांचा आणि तक्रारीच्या फोनवरचा सगळा जोर होता. नाना स्टुलासकट मागे सरकले आणि भिंतीला जाऊन टेकले. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या डोक्यावर पडलं. मी म्हाताऱ्या माणसाला लाथ मारली होती!

कॅलेंडर बाजूला करून नाना बाहेर आले ते हसत. "हाई बात! हाऊ जोर कोठे व्हता रे भो इतला दिन? आन तो पाय. आते बठ्ठा जोर लाव!"

मी बठ्ठा, म्हणजे होता नव्हता तो सगळा जोर लावला. "सोड," म्हणाले, सोडला, आणि पाय असा वर गेला की मला तो माझा वाटेना. जळगाव सुटलं. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळ्याला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ओरडलो नाही. मुकटी. अजंग. "फागणे," नाना म्हणाले आणि पाय अलगद खाली ठेवला. उठल्यावर सवयीने मी त्यांच्या पायाकडे वाकायला गेलो, तर त्यांनी माझा कान धरला.

त्यानंतर मी त्यांना आठवड्यातून तीनदा मनापासून ढकललं. तिकीट आधी अडखळत निघायला लागलं, मग ओढून निघायला लागलं. अठराव्या दिवशी नानांनी ते ओढलं, पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. निघालं नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "फाटी जाई." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. डॉक्टरांनी दाखला दिला, साहेबांनी फोन दुसऱ्याच्या गळ्यात बांधला, आणि पुढच्या सोमवारी मी नरडाण्याच्या स्टेशनमागच्या पोलवर चढलो. वर पोचल्यावर काम नसताना दोन मिनिटं उगीच थांबलो.

महिन्याभराने भरताची चांगली वांगी घेऊन मी नानांकडे गेलो. आगाऊ कळवलं नव्हतं. दुपारची वेळ, पेशंट नव्हते, दार उघडंच होतं. नाना बाकड्याच्या कडेला बसले होते आणि एका पायात चप्पल सरकवायची खटपट करत होते. वाकता येत नव्हतं. चप्पल बोटाने ओढायचे, ती पुढे सरकायची. मी उभा आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. चौथ्या वेळेस त्यांनी चप्पल सोडून दिली आणि नुसते बसून राहिले.

"नाना, पाय आखडलाय तुमचा."

ते दचकले. मग म्हणाले, "सगळ्यांचा आखडतो. माझा काय सोन्याचा आहे?"

"मग इलाज?"

"स्वतःचा पाय स्वतःच्या खांद्यावर घेता येतो का?"

मी वांगी वर्तमानपत्रांच्या मशीनवर ठेवली आणि बाकड्याकडे बोट दाखवलं. "झोपा."

बराच वेळ नाही-हो झालं. शेवटी झोपले. मी स्टुलावर बसलो, त्यांनी माझ्या मांडीवर केलं होतं तसंच आधी चोळलं आणि मग त्यांची टाच माझ्या खांद्यावर घेतली. पाय वाळलेला आणि कडक होता, बाकड्यापासून हातभराच्या वर यायला तयार नव्हता. "ढकला," मी म्हणालो. खांद्यावर काहीच लागलं नाही. पाहिलं तर नाना दात आवळून, चेहरा ताणून नुसतं नाटक करत होते. ज्या माणसाने अख्ख्या खान्देशाला ढकलायला शिकवलं, तो लाजत होता.

"नाना," मी म्हणालो, "आठे खांदा शे, देव्हारा नही."

ते हसले. पण हसता हसता त्यांचा आवाज बदलला. "मी तिलाही ढकलत नव्हतो," म्हणाले.

मग छताकडे बघत ते बोलत राहिले. ते जळगावला दवाखान्यात, बायको फागण्याच्या शाळेत मास्तरीण. एकवीस वर्षं दोघांनी बदलीचे अर्ज केले, कोणाचीच झाली नाही. दर शनिवारी नाना एस.टी.ने फागण्याला उतरायचे. आठवडाभर खांद्यावर लोकांचे पाय, वरून दोन तास गुडघे मुडपून सीटवर. उतरले की पाय ताठ व्हायचे. ती अंगणात सतरंजी टाकायची आणि त्यांची टाच आपल्या खांद्यावर घ्यायची. "मी म्हणायचो, अगं, लोक बघतील. ती म्हणायची, बघू देत. घरातलं घड्याळ कायम बंद. तीस सेकंद मोजायचे कसे? तर म्हणाली, कोणकोणती गावं करत आलात ते सांगा. मी सांगितली. मग दर शनिवारी तीच मोजायची. जळगाव, बांभोरी, पाळधी. फागणे आलं की म्हणायची, उतरा."

"आणि धुळे?"

"हे घर तिच्याच हौसेचं. निवृत्त झाल्यावर धुळ्यात राहू म्हणायची. वास्तुशांतीच्या आधी गेली, अकरा वर्षं झाली. ती धुळ्यापर्यंत आलीच नाही रे. मी एकटा गाडी कशी आणू?" खिशातल्या तिकिटावर हात ठेवून ते थांबले. "तेव्हापासून हा पाय कोणाच्या खांद्यावर गेला नाही."

मी वायरमन माणूस. गल्लीभर अंधार असला तर कुठे हात घालायचा हे मला कळतं, इथे काहीच कळेना. एवढंच म्हणालो, "ढकला, नाना."

आणि त्यांनी ढकललं. म्हाताऱ्याच्या पायात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा खांदा मागे गेला. "सोडा," मी म्हणालो. त्यांनी सोडलं. पाय चार बोटं वर आला. मी डोळे मिटले, आणि कंडक्टरचा सूर मला जमत नाही तरी सुरुवात केली. "जळगाव... सुटली गाडी... बांभोरी, गिरणेचा पूल..." पाळधीला त्यांचा श्वास अडकला, पण ओरडले नाहीत. एरंडोल. पारोळा. मुकटी. अजंग.

"फागणे," मी म्हणालो आणि थांबलो.

"मी उतरनू रे भो," नाना अगदी हळू म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. पाय मात्र त्यांनी माझ्या खांद्यावरून काढून घेतला नाही. मग मी पुन्हा जळगावपासून सुरुवात केली.